'पिंग पाँग'मधल्या साकुमाला खरं सांगितलं, ते योग्य होतं का?

पेनहोल्ड:
मासाआकी युआसा दिग्दर्शित 'पिंग पाँग द अ‍ॅनिमेशन' (२०१४, ११ भाग) ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका दुसऱ्यांदा पाहिली. शाळकरी मुलं आणि टेबल टेनिस, एवढाच पसारा. पण त्यातला साकुमा डोक्यातून जात नाही. मालिकेचे दोन नायक, पेको आणि स्माइल, यांच्यासोबत एकाच क्लबात वाढलेला मुलगा. नजर अधू, म्हणून इतरांहून कितीतरी जास्त घाम गाळतो आणि कायोसारख्या बलाढ्य शाळेच्या संघात शिरतो. मग संघाचा नियम मोडून स्माइलला आव्हान देतो आणि सपशेल हरतो. एवढी मेहनत मी केली, मग तूच का, असं ओरडून विचारतो. स्माइल शांतपणे सांगतो, तुझ्यात या खेळाची देणगीच नाही.

मला हा मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. आपण मुलांना 'प्रयत्नांती परमेश्वर' सांगतो आणि तिथेच थांबतो. प्रयत्न झाले आणि परमेश्वर आलाच नाही, तर पुढे काय? ते कुणीतरी सांगायला हवं.

मधली_सुट्टी:
अजिबात पटलं नाही. याच साकुमाने आधी पेकोला हरवलंय, तेही स्पर्धेत! देणगी पेकोकडे होती ना? मग ती कुठे गेली? तो खाऊ खात, सराव बुडवत हिंडत होता. त्याच्या खेळाचा साकुमाने अभ्यास केला आणि जिंकला. ती मेहनतीचीच कमाई आहे. स्माइलच्या एका वाक्याने ती पुसायची?

आणि स्माइल कोण सांगणारा? समोरच्याची कीव येऊन काँग या चिनी खेळाडूविरुद्धचा हातातला सामना सोडणारा मुलगा. त्याला स्वतःलाच तेव्हा जिंकायचं नव्हतं.

तळहात:
काँगला विसरू नका. शांघायच्या संघातून वगळलेला. जपानात येऊन पेकोला पहिल्याच गाठीत ११-० असा लोळवतो. देणगी, मेहनत दोन्ही भरपूर, तरी त्याच्या देशात त्याला जागा नाही. पुढे आपल्या संघातल्या सामान्य मुलांना शिकवायला लागतो, तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैलावतो.

कट_शॉट:
मी ठाण्यात दहा-बारा वर्षांच्या मुलांना टीटी शिकवते, म्हणून लिहिते आहे. 'याच्यात काही नाही' असं त्या वयात कुणालाही ठरवता येत नाही. मी एका मुलाच्या बाबतीत मनातल्या मनात ठरवलं होतं. पुढे तो बचावात्मक खेळाकडे वळला, चॉप करू लागला (चेंडू खालून कापत उलटी फिरकी देऊन परतवू लागला) आणि माझं मत साफ चुकलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पेकोचंच बघा. त्याच्या पेनहोल्ड पकडीत, म्हणजे पेन धरल्यासारखी बॅट धरली की, बॅकहँडची बाजू लंगडी पडते. परत खेळायला लागल्यावर तो बॅटच्या मागच्या बाजूला रबर लावून घेतो आणि तिथूनही मारायला शिकतो. ती देणगी म्हणायची की शिकणं?

'पेनहोल्ड', तुमचा मुद्दा मला एका बाबतीत मान्य आहे. साकुमाला ते एका मित्राने, बरोबरीच्या मुलाने सांगितलं, म्हणून चाललं. तेच वाक्य प्रशिक्षकाच्या तोंडी आलं असतं तर तो अपराध ठरला असता.

पेनहोल्ड:
ताई, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, मान्य. पण पुढचा साकुमा बघा ना. तो कडवट होत नाही. खेळ सोडून बसलेल्या पेकोला परत टेबलाकडे ढकलणारा तोच. सामन्याआधी शौचालयात दार लावून बसणाऱ्या काझामाला बाहेरून विचारणाराही तोच, की तुम्ही नेमकं कुणासाठी खेळता? अख्ख्या कायोच्या अपेक्षा खांद्यावर घेतलेल्या कर्णधाराला हे विचारायची हिंमत दुसऱ्या कुणाची होती? खरं ऐकल्याशिवाय साकुमा तिथवर पोचला नसता.

मधली_सुट्टी:
पोचला तो स्वतःच्या बळावर. त्या वाक्यानंतर तो रस्त्यावर मारामारी करतो, कायो सुटते, हेही लिहा की. सगळीच मुलं त्यातून उठत नाहीत.

तळहात:
मला तर एगामी आठवतो. स्माइलकडून हरल्यावर रॅकेट ठेवतो आणि समुद्र बघायला निघतो. तिथे उत्तर मिळत नाही, मग डोंगर. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, देणगी आहे म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. हिंडून हिंडून शेवटी तो परत टेबलापाशी येतो.