मदत हवी आहे: लेकर्स-सेल्टिक्स बघायला बॉस्टन की लॉस एंजेलिस?

नमस्कार मंडळी. धरमपेठेत राहतो आणि २०१० पासून लेकर्सचा, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिसच्या संघाचा, भक्त आहे. त्या वर्षीच्या फायनलची सातवी मॅच, बॉस्टनच्या सेल्टिक्सविरुद्ध ८३-७९ ने जिंकलेली, सकाळी शाळा बुडवून बघितली होती. घरच्यांना अजून माहीत नाही!

एकदा तरी लेकर्स-सेल्टिक्स प्रत्यक्ष बघायची आहे. दोघं १२ वेळा फायनलमध्ये भिडले, त्यात ९ वेळा सेल्टिक्स जिंकले. २०२४ मध्ये तर १८ वं विजेतेपद घेऊन आमच्या १७ च्या पुढे गेले, ते अजून पचलेलं नाही. दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे (लीगच्या पूर्व आणि पश्चिम गटांचे) संघ असल्यामुळे सीझनमध्ये दोनच मॅच, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. मग कुठली निवडू? मन म्हणतं लॉस एंजेलिस. पण शत्रूच्या घरात बसून शिव्या ऐकण्याची मजा वेगळी, नाही का? फक्त बॉस्टनची थंडी आपल्या नागपूरकर हाडांना झेपेल का, ते अनुभवी लोकांनी सांगा. तिकिटं आधी काढावी की व्हिसा हातात आल्यावर? नागपूरहून मुंबईमार्गे बरं की दिल्लीमार्गे?

दुसरं, छोटंसं. भाच्यासोबत एनबीए टूके हा व्हिडिओ गेम खेळतो. तो १९८५-८६ चे सेल्टिक्स घेतो आणि लॅरी बर्डचे थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारून मारून जीव खाऊन राहिला आहे. मॅजिक जॉन्सनच्या लेकर्सनी त्याला अडवायचं कसं? कोणी खेळतं का इथे? त्याला हरवल्याशिवाय मला झोप नाही राजेहो.