धावताना पाय घसरतात, वार करताना पात्र बाजूला सरकतं

प्रश्न:
मंडळी, पायगेममध्ये (पायथनमध्ये गेम बनवायची लायब्ररी) प्लॅटफॉर्मर, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायचा गेम करतोय. धावण्याच्या ८ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवायची चित्रं, स्वतः काढल्यात. स्क्रीन पुन्हा रंगवणाऱ्या लूपच्या प्रत्येक फेरीत फ्रेमचा क्रमांक ०.२ ने वाढवतो. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा रंगणाऱ्या) स्क्रीनवर छान दिसतं, १४४ वर पाय भलतेच भराभर पळतात. वेग कमी केला की पाय जमिनीवर घसरतात. आणि तलवारीचा वार केला की अख्खं पात्र बाजूला सरकतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर १:
०.२ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला १२ फ्रेम. १४४ वर त्याच हिशोबाने जवळपास २९. फेऱ्या मोजू नका, वेळ मोजा. पायगेमच्या क्लॉकचं टिक हे फंक्शन मागच्या फेरीपासून गेलेले जे मिलिसेकंद परत देतं ते साठवत जा. ८३ (१००० भागिले १२) झाले की पुढची फ्रेम, आणि साठ्यातून ८३ वजा. साठा शून्य करू नका, वरचे मिलिसेकंद वाया जाऊन चाल मंदावते.

उत्तर २:
उभं राहणं आणि वार यांना हे बरोबर आहे. धावण्याला मात्र घड्याळ लावूच नका, असं माझं ठाम मत आहे. पाय अंतराशी बांधा. जमिनीला टेकलेला पाय एका फ्रेममधून दुसरीत किती पिक्सेल मागे जातो, ते तुमच्याच चित्रात मोजा. समजा ६. मग कापलेलं अंतर भागिले ६, त्याच्या पूर्णांकाला ८ ने भागून उरणारी बाकी हीच तुमची फ्रेम. पात्र मंदावलं की पाय आपोआप मंदावतात. अंतर मात्र टक्कर तपासून झाल्यावरचं घ्या, म्हणजे भिंतीला अडल्यावर पाय जागच्या जागी पळत नाहीत. वेग फारच कमी असेल तर धावण्याची फ्रेम हवेत लटकल्यासारखी दिसते, तिथे चालण्याचा वेगळा संच हवाच.

बाजूला सरकण्याचं कारण: चित्र वरच्या डाव्या कोपऱ्यावरून ठेवताय का? पायाशी धरा.

प्रश्नकर्ता:
हो, कोपऱ्यावरूनच ठेवत होतो. आता मिडबॉटम (चित्राच्या तळाचा मध्यबिंदू) लावलं. धावणं तर एकदम जमिनीला धरून वाटतंय, खूप आभार! वार करताना अजून थोडं सरकतं.

उत्तर २:
तलवारीमुळे चित्र एकाच बाजूला रुंद होतं, म्हणून त्याचा मध्यही तिकडे जातो. प्रत्येक फ्रेमसोबत टाचेचा बिंदू साठवा आणि चित्र त्याच्यावरून ठेवा. पात्र डावीकडे वळवून चित्र उलटं केलंत, की त्या बिंदूचा आडवा आकडा चित्राच्या रुंदीतून वजा करून घ्यायचा.