अपक्ष अर्ज भरला की झाला ‘बंडखोर’?

रानवाट
निवडणूक आली की मथळे सुरू होतात : ‘अमुक पक्षात बंडखोरी’, ‘बंडखोरांची मनधरणी’. तिकीट कापलं म्हणून अपक्ष अर्ज भरायचा, महामंडळाचा शब्द मिळाला की माघार घ्यायची. याला बंड म्हणायचं? लष्करी हिशेब खात्यातली नोकरी सोडून वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी जमवले आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध उभे राहिले, ते बंड. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. फसलं तर सगळंच जाईल अशा माणसालाच हा शब्द द्यावा. बाकीच्यांना ‘नाराज’ पुरे.

सदाफुली
मला हे पटत नाही. बंड हा मुळात गादीवर बसलेल्याच्या तोंडचा शब्द. म्हणून तर १८५७ च्या ‘बंडा’ला आपण पुढे स्वातंत्र्यसमर म्हणू लागलो. २०२२ मध्ये शिंदे गटातले नेतेही ‘हे बंड नाही, उठाव आहे’ असंच सांगत होते. आणि ‘खोर’ कुठे लागतो बघा ना : भांडखोर, लाचखोर, चहाडखोर. १९९९ मध्ये धारावीत वेगळं साहित्य संमेलन भरवणाऱ्यांनी ‘विद्रोही’ शब्द घेतला, ‘बंडखोर’ नाही.

रानवाट
‘माझा प्रवास’ लिहिणारे वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या त्या धामधुमीत झाशीत होते. राणीबद्दल किती आदराने लिहितात! तरी त्यांच्या लेखी ते बंडच. त्यांच्या मनात तुच्छता असती तर लिहिण्यात उतरलीच असती. केशवसुतांना आपण बंडखोर कवी म्हणतो तेव्हा त्यांना कोणी लाचखोरांच्या रांगेत बसवत नाही.

ओसरी
मी तालुक्याच्या बातम्या लिहितो. ‘नाराज’ लिहून भागत नाही हो. नाराज माणूस घरी बसतो, प्रचाराला येत नाही. हा अधिकृत उमेदवारासमोर उभा राहतो, गावोगाव मतं फोडतो. पक्ष त्याला सहा वर्षांसाठी काढून टाकतो. वरच्याचा हुकूम उघड मोडला, एवढाच बंडाचा अर्थ. हेतू चांगला की वाईट, ते वाचकाने ठरवावं.

रानवाट
ती सहा वर्षं निकालानंतर किती टिकतात, हे तुम्हीच जवळून पाहता. निवडून आला की सत्कार करून परत घेतात. हुकूम मोडणं एवढंच बंड असेल, तर फडक्यांना कोणता शब्द उरतो?

सदाफुली
क्रांतिकारक. शाळेच्या पुस्तकात तोच आहे, आणि तो त्यांना शोभतो.

रानवाट
शोभतो, मान्य. पण पंचवीस वर्षांचा मुलगा उद्या गावच्या सावकाराविरुद्ध एकटा उभा राहिला, तर त्याला कोणी लगेच क्रांतिकारक म्हणणार नाही. ‘त्यानं बंड केलं’ असंच म्हणतील. मला तो शब्द त्याच्यासाठी शिल्लक हवा आहे.