'वाळीत टाकणे' मधली 'वाळी' कोणती?

'विहिरीत टाकणे', 'पेटीत टाकणे' तसे 'वाळीत टाकणे'. म्हणजे 'वाळी' नावाची काही जागा असणार, असे वाटणे साहजिक आहे. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. कोणी तिचा संबंध वाळवंटाशी लावतो, कोणी उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांशी. मला दोन्ही पटत नाहीत.

शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य घ्या: 'यंदा रान पडीत टाकलं.' इथे 'पडी' नावाची जागा आपण शोधत नाही, कारण 'पडीत' हे रानाचे विशेषण आहे. 'थकीत बाकी' मधले 'थकीत' तसेच. 'वाळीत' याच घडणीचा शब्द आहे. 'ते घर वाळीत आहे' असे आपण म्हणतोच.

मूळ क्रियापद 'वाळणे'. सुकण्याच्या अर्थाचे नव्हे, तर टाकून देणे, समाजाबाहेर काढणे या अर्थाचे, सकर्मक. तुकोबांच्या विराणीची सुरुवातच आहे 'वाळो जन मज'. जन कर्ता, मज कर्म: लोक मला खुशाल वाळोत. हे क्रियापद बोलण्यातून गेले आणि 'वाळीत' तेवढा मागे राहिला, म्हणून तो आज कोड्यासारखा वाटतो.

वाळण्यासाठी माणूस आधी आत असावा लागतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रोटी-बेटी व्यवहार तोडायचा, लग्नाचे बोलावणे द्यायचे नाही, घरात मयत झाली तरी खांदा द्यायला कोणी जायचे नाही, आणि त्या घराशी बोलेल त्यालाही दंड. हे सगळे कालपर्यंत आपल्या असलेल्या माणसाशी. ज्यांना मुळात आत घेतलेच नव्हते त्यांच्यासाठी शब्द वेगळा, 'गावकुसाबाहेरचे'. या दोन्ही शब्दांना एकच अर्थ चिकटवू नये. बाबासाहेबांनी 1924 मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले. 'बहिष्कृत' म्हणजे बाहेर केलेला. केलेला म्हटले की कोणीतरी केले, हे त्यात आलेच. 'गावकुसाबाहेर' मधून नुसती जागा कळते.

महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यातही 'सामाजिक बहिष्कार' हाच शब्द आहे. तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावकी आणि जातपंचायतीचे वाळीत टाकणे त्यातच येते.

वापरताना प्रत्ययाकडे लक्ष द्या. बहिष्कार हे नाम, तो कुटुंबा'वर' टाकतात, परदेशी मालावरही टाकतात. वाळीत मात्र कुटुंबा'ला' टाकतात. बहिष्कार उठवता येतो. वाळीत 'उठवले' असे कोणी म्हणत नाही, त्या माणसाला परत 'जातीत घेतात'.