झिरो एक्स्पोर्ट सोलर: दुपारची उरलेली वीज वॉटर हीटरच्या कॉइलला कशी द्यायची?

चारकोपकर

नमस्कार मंडळी. रो-हाऊस, सिंगल फेज. गच्चीवर ५४० वॉटची ६ पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर, ५ युनिटची लिथियम बॅटरी. नेट मीटर (बाहेर दिलेली वीज मोजून बिलातून वजा करणारा) घेतलेला नाही, इन्व्हर्टर झिरो एक्स्पोर्टवर आहे, म्हणजे वीज बाहेर द्यायची नाही. शेजारीच २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर, त्यात २ किलोवॉटची बॅकअप कॉइल.

पावसाळ्यात कॉइल पहाटे साडेपाचला लावावी लागते. तेव्हा बॅटरी तळाला गेलेली, म्हणजे सगळा भार लाइट बिलावर. उलट थोडं जरी ऊन पडलं तरी दुपारी एकपर्यंत बॅटरी फुल होते आणि पॅनल नुसती बसून राहतात.

मेन लाइनवर क्लॅम्पवाला वायफाय मीटर लावलाय. एक्स्पोर्ट २ किलोवॉटच्या वर गेला की कॉइल सुरू करायची, असा बेत होता. पण आकडा कायम ५०-६० वॉटवर, तोही इम्पोर्टचा. क्लॅम्प उलटा बसलाय का? आणि सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून कॉइलची पॉवर हळूहळू कमी-जास्त करता येईल का?

ओम_आणि_अँपिअर

क्लॅम्प बहुतेक बरोबरच आहे. खात्री करायची तर रात्री बॅटरीचा डिस्चार्ज इन्व्हर्टरमधून बंद ठेवून कॉइल लावा. मीटरवर इम्पोर्ट दोन हजारांच्या आसपास दिसला तर दिशा बरोबर, एक्स्पोर्ट दिसला तर क्लॅम्प फिरवा.

खरी गोम दुसरीकडे आहे. झिरो एक्स्पोर्टमध्ये उरलेली वीज मेन लाइनवर येतच नाही. घराला लागते तेवढीच वीज इन्व्हर्टर पॅनलांकडून घेतो, आणि चुकून बाहेर जाऊ नये म्हणून ५०-६० वॉट मुद्दाम मीटरमधून ओढत राहतो. तुम्ही जी वीज मोजायला निघालात ती तयारच होत नाही. परदेशी व्हिडिओंमधले 'एक्स्पोर्ट दिसला की गीझर चालू' वाले जुगाड नेट मीटरच्या घरांसाठी असतात, इथे ते आयुष्यभर वाट बघत बसतील.

पॅनलांनी हात आखडता घेतलाय हे कळतं ते इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर, पीव्ही म्हणजे पॅनलांच्या व्होल्टेजवरून. तुमच्या ६ पॅनलांचं पूर्ण पॉवर देतानाचं व्होल्टेज कागदावर साधारण २४५, उघड्या सर्किटचं २९० च्या आसपास. मुंबईच्या उन्हात पॅनल तापली की दोन्ही आकडे दहाएक टक्क्यांनी उतरतात. त्यामुळे दुपारी पूर्ण लोडवर २१५-२२५ दिसेल. तेच बॅटरी फुल झाल्यावर २५० च्या पुढे सरकलं आणि पीव्ही वॉट मात्र चारशे-पाचशेवर आले, तर वीज वाया चालली आहे असं धरा. ढगामुळे वॉट पडतात तेव्हा व्होल्टेज असं उडी मारत नाही.

ऑटोमेशनसाठी मात्र व्होल्टेजच्या मागे लागू नका, बॅटरीचा टक्का पुरतो. एका छोट्या कंट्रोलरने इन्व्हर्टरच्या आरएस-४८५ पोर्टवरून (दोन तारांचा डेटा पोर्ट) मॉडबसने (त्यावर बोलायची भाषा) दर १० सेकंदांनी बॅटरीचा टक्का आणि बॅटरीची पॉवर वाचायची. टक्का ९७ च्या वर ५ मिनिटं टिकला की कॉइल सुरू. बॅटरीतून ३०० वॉटपेक्षा जास्त सलग २ मिनिटं बाहेर जायला लागले, किंवा टक्का ९२ खाली आला, की बंद. बंद झाल्यावर १० मिनिटं पुन्हा सुरू करायची नाही. नाहीतर श्रावणातल्या ऊन-पावसात कॉन्टॅक्टर (कॉइल चालू-बंद करणारा जाड स्विच) टकटक करत बसेल.

एक अडचण हमखास येते. काही इन्व्हर्टरमध्ये वायफाय डोंगल आणि आरएस-४८५ एकाच पोर्टवर असतात. त्या तारेवर दोन मास्टर (माहिती विचारणारे) बोलायला लागले की दोघांचंही वाचन अर्धवट येतं. तसं असेल तर एकच काहीतरी ठेवा. आणि ए-बी तारा उलट जोडल्या तर काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. आधी त्या अदलाबदल करून बघा, मग सेटिंगशी झटापट करा.

सॉलिड स्टेट रिलेची तुम्हाला गरज नाही. पॉवर हळूहळू बदलण्याचा खटाटोप बॅटरी नसलेल्या घरासाठी असतो. तुमच्याकडे सेकंदा-सेकंदाचा चढउतार बॅटरीच गिळते.

मुलुंडचा_वायरमन

वरच्या सगळ्याशी सहमत, पण ऑटोमेशनच्या आधी कॉइल बदला. २ किलोवॉटच्या जागी १ किलोवॉट. २ किलोवॉट सुरू झाली की फ्रिज, पंखे, पंप धरून तुमची ३ किलोवॉट पॅनल भर दुपारीही काठावर येतात आणि बॅटरी खाली यायला लागते. १ किलोवॉट तीन तास निवांत चालते. कॉइल विकत घेताना मल्टिमीटर लावा. १ किलोवॉटचा रेझिस्टन्स ५३ ओमच्या जवळ हवा, २ किलोवॉटचा साडेसव्वीस. लेबलवर भरवसा नको.

थ्रेडचं माप अंदाजाने घेऊ नका, जुनी कॉइल काढून दुकानात घेऊन जा. टाकी रिकामी करण्याचं काम सूर्य उगवायच्या आधी, किंवा ट्यूबवर ताडपत्री टाकून. रिकाम्या ट्यूब उन्हात तापल्या आणि त्यात थंड पाणी सोडलं की तडकतात, एक तडकली तरी सगळी टाकी गच्चीवर.

पाणी कुठलं आहे तेही बघा. पालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, साधी कॉपर कॉइल चालते. बोअरवेल किंवा टँकर असेल तर इन्कोलॉयची (क्षाराला टिकणारा मिश्रधातू) घ्या. कॉइलवर पांढरा क्षार चढला की उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो, कॉइल आतून लाल होते आणि एके दिवशी फुटते. तेव्हा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर नळाला झटका.

जोडणी: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, १० अँपिअरचा एमसीबी, २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची कॉपर वायर. वायफाय स्विचने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा, हीटरचा करंट त्यातून न्यायचा नाही. स्विचवर १६ अँपिअर छापलेलं असलं तरी रोजच्या हीटर लोडवर आतली रिले चिकटते. एकदा चिकटली की ॲपमध्ये 'ऑफ' दिसतं आणि टाकी उकळत असते. म्हणून टाकीचा थर्मोस्टॅट आणि कटआउट कॉइलच्या सिरीजमध्ये राहिलेच पाहिजेत, ऑटोमेशनच्या नावाखाली बायपास करायचे नाहीत.

वायफाय गेलं तर? स्विचमध्ये ऑटो-ऑफ ३० मिनिटं ठेवा आणि कंट्रोलरने दर ५ मिनिटांनी 'ऑन' पाठवत राहावं. कंट्रोलर मेला तर कॉइल अर्ध्या तासात आपोआप बंद.

आता दोन उद्योग, जे लोक करतात आणि करू नयेत. एक, पॉवर निम्मी करायला सिरीजमध्ये डायोड. पॉवर निम्मी होते खरी, पण लाइनमध्ये डीसी शिरतो. इन्व्हर्टर फॉल्ट दाखवेल आणि आरसीसीबी वेळेवर उडेल याची खात्री राहत नाही. दुसरा, दोन पॅनल थेट कॉइलला. ५४० ची दोन पॅनल म्हणजे कागदावर १०८० वॉट, पण साडेसव्वीस ओमच्या कॉइलवर जेमतेम साडेतीनशे मिळतात, कारण रेझिस्टन्स जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे थर्मोस्टॅटचे पॉइंट एसीसाठी असतात. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. डीसीला ती विझत नाही, पॉइंट वितळून चिकटतात.

गच्चीताई

विजेचं सगळं झालं, पाण्याकडे कुणी बघितलंच नाही. पॅनल आणि ट्यूब दोघांचाही सूर्य एकच. ज्या दिवशी पॅनलांची वीज भरपूर उरते त्या दिवशी ट्यूबही टाकी ६० च्या पुढे नेतात. तेव्हा कॉइल लावली तर ट्यूबना गरम करायला थंड पाणीच उरत नाही, टाकी व्हेंटमधून वाफ सोडते आणि कमावलेलं काही नाही. कॉइलचा उपयोग फक्त अर्धवट ढगाळ दिवशी, आणि तेव्हा वीजही बेताचीच उरते.

म्हणून बॅटरीच्या अटीला दोन अटी जोडा. दुपारी दीडच्या आधी कॉइल नाही, ट्यूबना त्यांचं काम करू द्या. आणि टाकीचं तापमान ५० च्या खाली असेल तरच. सेन्सर टाकीच्या खिशात वरच्या तिसऱ्या भागात हवा. बाहेरच्या पत्र्याला चिकटवला तर तो पफच्या (टाकीभोवतीच्या फोमच्या) बाहेरचं, म्हणजे गच्चीचं तापमान दाखवेल.

हिशोब असा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. २०० लिटर २८ वरून ५० वर न्यायचे म्हणजे ५ युनिटं. ढगाळ दिवशी तुमच्या पॅनलांतून एकूण ५-६ युनिटं निघाली तरी त्यातली निम्मी घर आणि बॅटरी खातात. पण सगळी टाकी तापवायची गरजच नाही. गरम पाणी वर राहतं आणि नळाला वरचंच येतं. कॉइल आडवी, टाकीच्या मध्यावर असेल तर ती फक्त तिच्या वरचं पाणी तापवते. शंभर लिटर धरा. १ किलोवॉट तीन तास चालली तर ते शंभर लिटर २५ अंशांनी वर जातात. २८ चे ५३. चार जणांना बादलीने आंघोळीला, थंड मिसळून, पुरून उरतं.

कॉइल अगदी तळाशी असेल तर मात्र ती सगळी टाकी ढवळते आणि दोनशे लिटर कोमट होतात, ना आंघोळीला ना भांड्यांना. कॉइल बदलताना पोर्ट कुठे आहे ते बघून घ्या. चांगल्या पफच्या टाकीत रात्रभरात चार-पाच अंश उतरतात, पण गच्चीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप उघडा असेल तर पहिली बादली थंडच येणार. त्याला इन्सुलेशन घाला, ऑटोमेशनपेक्षा स्वस्त.

पावसाळ्यात टाकी आठवडाभर ४० च्या आसपास राहू देऊ नका, लीजनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूंना तेच तापमान मानवतं. आठवड्यातून एकदा ग्रिडची वीज घेऊन का होईना, ६० पर्यंत न्या.

बोरिवली_वेस्ट

मध्येच विचारतो. आमचं नेट मीटर आहे, ३ किलोवॉट. आम्हीही हे करावं का?

ओम_आणि_अँपिअर

@बोरिवली_वेस्ट, नको. तुमचं दुपारी बाहेर गेलेलं युनिट बिलात पहाटेच्या युनिटातून वजा होतं, मग ते पाण्यात साठवून टाकीतून गळू कशाला द्यायचं? पहाटे गीझर लावा. वर्षअखेरीस बरीच युनिटं शिल्लक राहून कमी दराने जात असतील, तरच एक साधा टायमर दुपारी लावून बघा.

चारकोपकर

बरंच उलगडलं. पोर्ट मध्यावर आहे, बघितलं. एक शंका: कॉइलची लाइन सध्या इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर आहे. तशीच ठेवू का?

मुलुंडचा_वायरमन

नाही. बॅकअपवर असेल तर लाइट गेल्यावर कॉइल बॅटरी रिकामी करत राहील. ती ग्रिडच्या बाजूच्या डीबीवर (एमसीबींच्या पेटीवर) घ्या, पण इन्व्हर्टरच्या स्वतःच्या क्लॅम्पच्या (वायफाय मीटरच्या नव्हे) आत, म्हणजे मीटर, मग क्लॅम्प, मग ही लाइन. तिथे असली तरी दुपारी पॅनलांची वीज तिला मिळतेच. क्लॅम्पच्या बाहेर, मीटरच्या बाजूला जोडली तर इन्व्हर्टरला ती दिसणारच नाही आणि भर उन्हात कॉइल सगळी मीटरवर चालेल. कॉन्टॅक्टरच्या आतली कॉइलही (हीटरची नव्हे) त्याच लाइनवरून घ्या, म्हणजे लाइट गेली की आपोआप सुटेल.