बर्लिनमधला शिंकेल : दोन दिवस आणि एक कुरकुरता गुडघा (सल्ला हवा)

रिटायर्ड_ओव्हरसियर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मुलीकडे बर्लिनला चाललोय. ती आणि जावई कामावर गेले की दोन अख्खे दिवस माझे. कार्ल फ्रीडरिश शिंकेल (१७८१–१८४१) या वास्तुकाराचं नाव डिप्लोमाला असताना एका ओळीत वाचलं होतं, परीक्षेपुरतं. हा गडी तीसेक वर्षं प्रशियाच्या (तेव्हाचं जर्मन राज्य) सरकारी बांधकाम खात्यात होता हे परवा कळलं आणि एकदम आपला वाटायला लागला. माझी बत्तीस वर्षं सा.बां.मध्येच गेली. तर काय पाहू, काय सोडू? डावा गुडघा कुरकुरतो, दिवसाला दोन किलोमीटरच्या वर चालणं नको. जर्मन शून्य.

स्प्रेकाठची_मीनल
काका, गुडघ्याची काळजी सोडा, त्याचं महत्त्वाचं काम एका चौकाभोवतीच आहे. यू-५ मेट्रो पकडा आणि म्युझियम्सइन्सेल (म्हणजे संग्रहालयांचं बेट) स्टेशनला उतरा. उतरल्यावर लगेच सरकत्या जिन्याकडे पळू नका, आधी वर बघा. रुळांवरच्या निळ्या छतात ६,६६२ दिवे चांदण्यांसारखे लावलेत. शिंकेलनं १८१६ साली मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरासाठी रात्रीच्या राणीच्या प्रवेशाचा पडदा रंगवला होता, त्यावरून हे छत सुचलंय. स्टेशन २०२१ चं, कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची.
वर आलात की श्लॉसब्रुके हा पूल (१८२१–२४) समोरच. तो त्याचाच. वरचे संगमरवरी पुतळे मात्र त्याच्या मृत्यूनंतर बसवले. पूल ओलांडला की डाव्या हाताला लुस्टगार्टेनचं मैदान आणि पलीकडे त्याचंच आल्टेस म्युझियम (जुनं संग्रहालय). १८ आयोनिक (ग्रीक घाटाचे) खांब एका रांगेत, ८७ मीटर लांबी.

कोनमापक
मीनलताईंना अनुमोदन, फक्त एक भर घालतो. म्युझियमसमोर गेल्यावर पाठमोरे उभे राहा. म्हणजे इमारतीकडे पाठ करून. एका बाजूला राजवाडा, एका बाजूला चर्च, पश्चिमेला पाण्यापलीकडे शस्त्रागार, आणि चौथ्या बाजूला राजाच्या संग्रहातली चित्रं-पुतळे सगळ्या लोकांना बघता यावेत म्हणून बांधलेलं हे घर (१८३० ला उघडलं). राजा, देव आणि तोफा यांच्या पंक्तीत कलेला पाट मांडला या माणसानं. शहररचनाकार म्हणून त्याचं मोठेपण मला इथे दिसतं. आजचा राजवाडा पुन्हा बांधलेला आहे (जुना १९५० ला उडवला), आणि आजचं अवाढव्य चर्च १९०५ चं. शिंकेलनं सुधारून दिलेलं बुटकं चर्च १८९३ मध्ये पाडलं. त्यामुळे मूळचा तोल आता राहिलेला नाही, तो मनातल्या मनात लावून घ्यावा लागतो.
मैदानातली ग्रॅनाइटची प्रचंड वाटीही बघा. म्युझियमच्या गोल दालनात ठेवायची होती, पण घडवता घडवता जवळपास सात मीटर व्यासाची झाली. आत मावेना, म्हणून बाहेर.

रिटायर्ड_ओव्हरसियर
हाहा, ड्रॉइंग एक आणि साइटवर भलतंच. आमचंच खातं! नदीच्या बेटावर एवढा बोजा, पाया कसा धरला असेल?

कोनमापक
हा खरा ओव्हरसियरचा प्रश्न. त्या जागेवरून पाण्याचा एक फाटा जात होता. तो बुजवला आणि तीन हजारांवर लाकडी खांब ठोकून त्यावर पाया घेतला. आधी लोकांनी शंका काढल्याच. शिंकेलनं हिशोब पुढे ठेवला : फाटा बुजवून शेजारचा कालवा नीट केला की जहाजांची वाट सुधारते, मागे जकातीची गोदामं काढता येतात आणि म्युझियमला जागाही मिळते. एकाच अंदाजपत्रकात तीन कामं. गोदामं आता नाहीत, तिथे पुढची संग्रहालयं आली.
अजून एक गंमत. दर्शनी बाजूचे खांब सँडस्टोनचे आहेत, पण कडेच्या भिंतींकडे वळा. तिथे वीटकामावर गिलावा आणि त्यात दगडाचे सांधे कोरलेत. पैसे समोर खर्च केले, बाजूला वाचवले.

पेठेतला_संशयात्मा
सगळे एवढे भारावलेत म्हणून विचारतो. ग्रीक देवळाचं तोंड लावून म्युझियम, ग्रीक देवळाचं तोंड लावून नाटकगृह, ग्रीक देवळाचं तोंड लावून पहाऱ्याची चौकी. यात स्वतःचं काय?

कोनमापक
बाउआकाडेमी. उत्तर एका शब्दात संपलं असतं, पण ती इमारत आता उभी नाही, म्हणून चार ओळी जास्त. १८२६ ला हा इंग्लंडला गेला. म्युझियमं बघायला सरकारी खर्चानं गेला आणि वहीत मँचेस्टरच्या सूतगिरण्या काढून आणल्या. लालभडक विटा, आत लोखंड, एकसारख्या खिडक्या. त्या गिरण्यांनी तो हादरला होता आणि ओढलाही गेला होता. मग १८३२–३६ मध्ये बांधकाम शिकवणाऱ्या सरकारी शाळेसाठी उघड्या विटांचा चौकोनी ठोकळा उभा केला. चारही बाजू सारख्या, आठ-आठ कप्प्यांच्या, खांब एक नाही. विटांच्या थरांत जांभळट चकाकीचे पट्टे. तळमजल्यावर भाड्याची दुकानं, खर्च निघावा म्हणून. वरच्या मजल्यावर खुद्द साहेबांचा मुक्काम. १८४० च्या सप्टेंबरात झटका आला आणि वर्षभर अंथरुणाला खिळून ९ ऑक्टोबर १८४१ ला तिथेच गेला.

स्प्रेकाठची_मीनल
युद्धात ती इमारत जळाली, पण सांगाडा टिकला होता. दुरुस्तीही सुरू झाली होती. तरी १९६२ ला पूर्व जर्मनीनं परराष्ट्र मंत्रालय बांधायला ती पाडली. पुढे ते मंत्रालयही पाडलं! नंतर तिथे नमुन्यादाखल एक कोपरा विटांनी बांधून काढला आणि बाकीच्या भागाला इमारतीचं चित्र छापलेलं कापड लावलं होतं. पुन्हा कशी बांधायची, जशीच्या तशी की नव्या धर्तीवर, यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. काका, तुम्हाला अगदी घरी आल्यासारखं वाटेल.
जवळच फ्रीडरिशवेर्डर चर्च (१८२४–३१). तेही उघड्या विटांचं, पण गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली). कारण युवराजांना मध्ययुगीन पाहिजे होतं. शेजारी महागड्या फ्लॅटचं खोदकाम झालं तेव्हा भिंतींना तडे गेले आणि २०१२ पासून काही वर्षं बंद होतं. आता आत पुतळ्यांचं संग्रहालय आहे.

पेठेतला_संशयात्मा
बरं, विटांपुरता शब्द मागे घेतो.

नाट्यवेडी_कोथरूड
नाटकगृह सोडू नका हो! झांडार्मेनमार्क्ट या चौकातलं. आधीचं १८१७ ला जळालं, आणि शिंकेलला अट घातली गेली की उरलेल्या भिंती आणि खांब वापरूनच नवं करायचं. जळक्या सामानातून १८२१ ला हे उभं राहिलं. आज तिथे संगीताच्या मैफली होतात, आतलं दालन मात्र १९८४ चं. तसा हा नेपथ्यकारही होता. नेपोलियनच्या काळात बांधकामं ठप्प होती, तेव्हा घर चालवायला मोठमोठी देखाव्याची चित्रं रंगवायचा.

स्प्रेकाठची_मीनल
आणि नॉये वाखे, म्हणजे संशयात्मा म्हणतात ती चौकी (१८१६–१८). पुलापासून पाच मिनिटं. आत रिकामी खोली, मधोमध मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेली आई, ते केटे कोलवित्झचं शिल्प. वर छताला गोल भोक आहे. हे दोन्ही नंतरचं, पण पावसात जा. थेंब तिच्या अंगावर पडताना दिसतात. मी फार बोलत नाही त्याबद्दल.

डोंबिवली_ते_डॉर्टमुंड
दुसरा दिवस पॉट्सडामला द्या. शिंकेलचाच शार्लोटेनहोफचा छोटा वाडा, त्यातली निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची तंबूसारखी खोली, भोवती लेने या उद्यानकारानं आखलेली बाग.

कोनमापक
पॉट्सडाम सुंदर आहे, पण बाग म्हणजे चालणं आलं. माझं मत नॉयरुपीनला. बर्लिनहून रेल्वेनं साधारण सव्वा तास. शिंकेल तिथला. १७८७ ला गाव जळलं, तो सहा वर्षांचा होता. वडील धर्मगुरू, आगीत मदतीला धावले, त्यानंतर आजारी पडून गेले. आई मुलांना घेऊन धर्मगुरूंच्या विधवांसाठीच्या घरात राहायला आली. ते घर अजून आहे. आणि डोळ्यांसमोर गाव नव्यानं आखलं जात होतं : सरळ रुंद रस्ते, मधे मोकळे चौक, एकसारखी घरं. शहर आखता येतं, हे त्या पोरानं पुस्तकात नाही वाचलं. पुढे त्याच्या हाताखाली शिकलेल्या क्लेआन्थिस आणि शाउबर्ट या दोघांनी नव्या अथेन्सचा आराखडा काढला.

रिटायर्ड_ओव्हरसियर
ठरलं. पहिला दिवस चौक, दुसरा नॉयरुपीन. सोमवारी संग्रहालयं बंद असतात म्हणे, ते सांभाळतो.

रिटायर्ड_ओव्हरसियर
(पाच आठवड्यांनी) मंडळी, जाऊन आलो. नॉयरुपीनला त्या विधवांच्या घरासमोर बाकावर अर्धा तास बसलो, समोरून दप्तरं घेतलेली पोरं जात होती. चौकात मात्र मुलगी रजा काढून बरोबर आली. आल्टेस म्युझियमच्या कडेच्या भिंतीशी गेलो आणि सवयीनं बोटाच्या पेरानं तीन-चार ठिकाणी ठोकून बघितलं. पोकळ नाही वाजलं कुठे. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता, तो गार्ड बघतोय."