गोठलेल्या पाण्यात पडलेल्या कुत्र्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालावा का?

प्रश्नकर्ता: काठावरचा

तळ्यावरचा बर्फ फुटून कुत्रा पाण्यात पडला आणि त्याला काढायला गेलेला मालकच बुडाला, अशा बातम्या थंड प्रदेशांतून हिवाळ्यात येत असतात. त्यांवर दोन टोकांची मते ऐकू येतात. कुत्र्यासाठी जीव देणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे काही जण म्हणतात; तर आपल्यावर विसंबलेल्या मुक्या जिवाला डोळ्यांदेखत बुडू देणारा माणूस कसला, असे काहींना वाटते. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. बुडणाऱ्या मुलासाठी उडी घेणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. मग कुत्र्याच्या बाबतीत फरक पडतो तो त्याचा जीव कमी मोलाचा आहे म्हणून, की आणखी कशामुळे?

उत्तर: पाणसाप

जिवाच्या मोलाचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून आधी पाण्याचा विचार करू, कारण आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपण उतरलो तर कुत्रा वाचेल. बहुतेक वेळा हे गृहीतकच चुकीचे ठरते.

जो बर्फ वीस-पंचवीस किलोच्या, चार पायांवर भार विभागलेल्या कुत्र्याखाली फुटला, तो साठ-सत्तर किलोच्या माणसाला पेलणार नाही, हे उघड आहे. माणसाला चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ आणि घट्ट बर्फ लागतो असे सांगितले जाते. पांढुरका, हवा मिसळलेला बर्फ त्याहून बराच कमजोर असतो. पुढचा भाग शरीराचा. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडताच माणूस नकळत जोराने श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्त यांनी यासाठी १-१०-१ असे सूत्र रूढ केले आहे: श्वास ताब्यात आणायला सुमारे १ मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी सुमारे १० मिनिटे, आणि शरीर गार पडून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे पुष्कळ माणसे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, बोटांनी पकड सोडल्यामुळे किंवा श्वास न सावरल्यामुळे बुडतात. उत्तम पोहता येण्याचा येथे फारसा उपयोग नसतो. किंबहुना त्या आत्मविश्वासानेच माणूस उतरतो. शिवाय घाबरलेला कुत्रा जवळ आलेल्या माणसाच्या अंगावर चढू पाहतो आणि त्याला खाली दाबतो.

बचाव पथकांचे लोक वारंवार सांगतात की मालक बुडतो आणि कुत्रा आपला आपण बाहेर येतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी त्या मृत्यूला बलिदान म्हणणेही कठीण होते, कारण त्याच्या मोबदल्यात काहीच वाचलेले नसते.

उत्तर: अनिर्णित

वरचे विवेचन मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. समजा, उतरल्याने कुत्रा वाचण्याची शक्यता बरी आहे आणि आपण दगावण्याची शक्यता थोडी, पण खरी आहे. तेव्हा काय?

प्राण्यांच्या हक्कांचा हिरिरीने पुरस्कार करणारे तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी बुडू पाहणाऱ्या होडीचा एक काल्पनिक प्रसंग मांडला होता. होडीत चार माणसे आणि एक कुत्रा आहे, पण ती फक्त चौघांनाच तारू शकते. अशा वेळी कुत्र्याचा बळी जाणे योग्य, असे खुद्द रेगन यांनीच म्हटले, कारण मृत्यूमुळे माणूस जितक्या शक्यतांना मुकतो तितक्यांना कुत्रा मुकत नाही. मात्र हा प्रसंग आपल्याला पुरा लागू पडत नाही, कारण तेथे दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा आहे आणि येथे स्वतःचा. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची मुभा माणसाला असावी, असे मला वाटते. ते कर्तव्य आहे, असे मात्र नाही. त्या मुभेलाही मर्यादा आहे. आपण बुडू लागलो की आपल्याला काढायला कोणीतरी उतरणार, मग तो सोबतचा मित्र असो की अग्निशमन दलाचा कर्मचारी, आणि त्याला आपण काहीच विचारलेले नसते. घरी आपल्यावर अवलंबून असलेली लहान मुले असतील तर ती मुभा जवळजवळ उरतच नाही.

उत्तर: साखळीधारक

दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण जरा सोयीची वाटतात. तळ्याकाठी उभा असलेला माणूस शक्यतांची बेरीज-वजाबाकी करत नसतो. तो आपल्या कुत्र्याचे केकाटणे ऐकत असतो. त्यामुळे निर्णय खरे तर आधीच व्हायला हवा. कुत्र्याला तेथे आपण नेलेले असते आणि पट्टा आपण सोडलेला असतो, म्हणून आपली जबाबदारी नक्कीच आहे; मात्र ती पार पाडण्याची जागा काठावर पोहोचण्यापूर्वीची आहे. गोठलेल्या पाण्याजवळ पट्टा सोडू नये आणि बर्फावर काठी किंवा चेंडू फेकू नये, एवढे पाळले तर हा पेच बहुधा उद्भवणारच नाही.

प्रश्नकर्ता: काठावरचा

सर्वांचे आभार. पाणसाप यांचे म्हणणे सर्वाधिक पटले. पण पट्टा तुटला, कुत्रा पडला, आणि मदत वेळेत पोहोचण्यासारखी नसली तर काठावरच्या माणसाने नुसते पाहत राहायचे का?

उत्तर: पाणसाप

नाही, काठावरून करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. कुत्र्यासाठी कोण येणार, असे मनात आणू नये, कारण मालकाने उतरू नये म्हणून अनेक ठिकाणची अग्निशमन दले मुद्दाम येतात. त्यानंतर काठ उतरता असेल आणि बर्फ पातळ असेल अशा जागी जाऊन, स्वर शक्य तितका शांत ठेवून कुत्र्याला हाक मारत राहावे. कुत्र्याला दोर धरता येत नाही, पण गळपट्ट्यात अडकेल अशी आकडी असलेली लांब काठी, किंवा काठावरून पुढे सरकवलेली शिडी उपयोगी पडते. भोक काठाजवळ असेल तर मधला बर्फ काठीने फोडून त्याला पोहत येण्याइतकी वाट करून देता येते.

हे सारे करूनही कुत्रा बुडू शकतो, आणि तरीही उतरू नये असेच माझे मत आहे. जेथे कुत्र्यासाठी मदत येणार नाही, तेथे आपल्यासाठीही येणार नाही. एवढे सांगूनही कोणी उतरलाच आणि बर्फ फुटला, तर पहिले मिनिटभर फक्त तरंगत राहून श्वास सावरावा, मग ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळावे, कोपरे बर्फावर टेकून पाय जोराने मारत शरीर आडवे करावे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत किंवा सरपटत काठ गाठावा.